कतल्याच्या कल्ल्यात

"जित्याच आणल्या मॅडम. तुम्ही फोनवर सांगितलं होतं ना, मेलेल्या नको म्हणून."

शालूताई मेश्राम यांनी पाण्याचा कॅन माझ्या टेबलाजवळ खाली टेकवला आणि झाकण काढलं. आत बोटभर लांबीची, कतला माशाची पिल्लं होती. एकही तळाशी नव्हतं. बहुतेक सगळी वर येऊन, पाण्याला तोंड लावून हवा गिळत होती. कल्ल्यांची झाकणं भराभर उघडत आणि मिटत होती.

दारात त्यांची मुलगी पल्लवी उभी होती, हातात हेल्मेट. ती रायपुरात तेलीबांध्याच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. त्या दिवशी सुट्टी टाकून ती आईला आणि कॅनला स्कूटीवर घेऊन आली होती.

"केव्हापासून असं करताहेत?" मी विचारलं.

"आठवडा होत आला. आधी सकाळी चार-दोन तरंगायच्या. आता घमेलंभर निघून राहिल्या."

"औषध काही टाकलं?"

"दुकानवाल्यानं सांगितलं म्हणून मीठ टाकलं. ऑक्सिजनच्या गोळ्या बी टाकल्या. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच."

"पाणी कुठलं?" मी पल्लवीला विचारलं.

"बोर का ही है मॅम. नाले का बिलकुल नहीं आता."

आई मराठीत बोलते, मुलगी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. रायपुरात आमच्या घरीही हेच चालतं.

मी रायपूरच्या एका प्रयोगशाळेत माशांच्या रोगांची तपासणी करत असे. आता निवृत्त झाले. बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत मला 'मछली डॉक्टर' म्हणत, आणि म्हणताना थोडं हसत. नातेवाइकांना वाटे, मी मासे बरे करते. खरं सांगायचं तर मासे मी क्वचितच बरे केले. बहुतेक वेळा ते कशाने मेले, एवढंच सांगितलं.

शालूताई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा रेल्वेत, बदलीच्या गावी. रायपूरहून आरंगच्या बाजूला जाताना त्यांनी थोडी जमीन घेऊन तीन लहान तळी खोदली होती आणि ती एकटीने सांभाळत होत्या. धंदा मत्स्यबीजाचा. अंड्यातून निघालेली माशाची पिल्लं अगदी बारीक असतात, त्यांना जिरे म्हणतात. हे जिरे हॅचरीतून आणायचे, तळ्यात वाढवून बोटाएवढे करायचे आणि मोठे तलाव असलेल्यांना विकायचे. बोटाएवढ्या पिल्लाला बोटुकली म्हणतात. मासे पाळणाऱ्यासाठी बोटुकली म्हणजे बियाणं. ते रोगी निघालं तर घेणाऱ्याचा तलाव बसतो, आणि नेमकं काय बिघडलं ते त्याला बरेचदा कळतही नाही.

त्या वर्षी शालूताईंना पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. गावोगावच्या महिला गटांना तलावात सोडायला बोटुकली वाटायची एक योजना होती. त्यासाठी त्यांच्या तळ्यातला माल ठरला होता. कार्यक्रमाचा दिवस जवळ आला होता, पाहुणे बोलावून झाले होते. आणि नेमकी त्याच तळ्यातली पिल्लं आता माझ्यासमोर धापा टाकत होती.

पहिली तपासणी सोपी असते. माशाला भूल द्यायची. कल्ल्याचा बारीक तुकडा कात्रीने कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा. वर पातळ काच ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली सरकवायचं. याला वेट माउंट म्हणतात.

कल्ला म्हणजे माशाचं श्वास घ्यायचं इंद्रिय. दिसायला लाल कंगव्यासारखा. कंगव्याच्या प्रत्येक दात्याला दोन्ही बाजूंनी अतिशय पातळ पानं असतात. या पानांतून रक्त वाहतं आणि पानांच्या मधून पाणी. पाण्यातला ऑक्सिजन तिथेच रक्तात शिरतो. पानं मोकळी असली की मासा सुखी.

पहिल्याच स्लाईडवर मला ट्रायकोडिना दिसला. हा एकपेशीय परजीवी. ताटलीसारखा गोल, मधोमध दातेरी चक्र, आणि अख्खा जीव भिंगरीसारखा फिरत कल्ल्यावरून सरकत जातो. इतकी वर्षं पाहूनही तो दिसला की मी थोडा वेळ नुसती बघत बसे. मिठाच्या पाण्याने हा गळून पडतो. म्हणजे दुकानवाल्याचा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, आणि दोन दिवस बरं वाटलं त्याचं कारणही कळलं.

पण ट्रायकोडिना फार नव्हते. इथे-तिथे एखादा. एवढ्याने घमेलंभर पिल्लं मरत नाहीत.

मी दुसरं पिल्लू घेतलं. या वेळी कल्ल्याचं झाकण काढून भिंगाखाली नीट पाहिलं. लाल दात्यांच्या मधे पांढरे ठिपके होते, रव्याच्या कणासारखे. सुईने एक ठिपका वेगळा काढला, काचेखाली ठेवला आणि वरून हलकेच दाब दिला. ठिपका फुटला आणि त्यातून दाण्यांचा लोट बाहेर आला. बघता बघता सगळं दृश्य दाण्यांनी भरून गेलं.

प्रत्येक दाणा लंबगोल. एका टोकाला शेजारी-शेजारी दोन थेंबासारख्या पिशव्या. भिंग बदलून मोठं केलं की पिशवीत गुंडाळलेला दोरा दिसतो. हा मिक्सोबोलस. दाण्याला बीजाणू म्हणतात, आणि ज्या ठिपक्यात ते तयार होतात त्याला सिस्ट.

शालूताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या.

"मले दाखवा ना."

मी उठून जागा दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. मग म्हणाल्या, "मॅडम, हे तं मलेच पाहून राहिले."

"डोळे नाहीत ते. पिशव्या आहेत. आत दोरा असतो. वेळ आली की तो सुटतो आणि चिकटून बसतो. समुद्रातले जेलीफिश डंख मारतात ना, त्यांच्या दूरच्या नात्यातला हा जीव. त्यांच्या डंखातच असा दोरा असतो."

"समुद्रातल्याचं नातेवाईक माह्या तळ्यात कसं आलं?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना सांगितलं की यांचे पूर्वज फार फार पूर्वी माशांच्या अंगात राहायला लागले आणि हळूहळू बाकीचं सगळं टाकून देऊन एवढेसे झाले. तोंड नाही, पोट नाही. दोरा तेवढा ठेवला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डोळा लावला. तळ्यातल्या माशांचं काय होणार ही चिंता त्यांच्या चेहऱ्यावर होतीच. तरी त्या बघत होत्या, आणि बघण्यात खरी उत्सुकता होती. त्यांच्याबद्दल मला आदर वाटायला लागला तो तिथपासून.

"याच्यावर दवाई?"

"नाही. भरवशाचं औषध अजून तरी नाही."

पल्लवीने मागून विचारलं, "आदमी को कुछ होता है क्या, मॅम?"

"नाही. माणसाला त्याचा काही त्रास नाही. त्याला मासाच लागतो, आणि माशाच्या आधी चिखलातला एक बारीक किडा."

बीजाणू तळ्याच्या चिखलात पडतात. चिखलातले दोऱ्यासारखे लाल किडे ते गिळतात. किड्याच्या पोटात बीजाणू रूप बदलतो, पाण्यात येतो आणि माशाला धरतो. मासा आणि किडा, दोन घरं. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. चिखलात तो फार काळ टिकतो.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते चंद्राकर सर. माणूस कमी बोलणारा. मी स्लाईड घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाहिलं, मान वर केली.

"मिक्सोबोलस है. सुंदर है. पर यही मार रहा है, ये कैसे कहोगी?"

"सिस्ट बरेच आहेत, सर."

"बरेच यानी कितने? तालाब की किसी भी मछली का गलफड़ा खोलो, दो-चार मिल जाएँगे. और मछली मज़े में तैरती है."

ते बरोबर बोलत होते. परजीवी सापडणं वेगळं आणि त्याने मारणं वेगळं. तलावातल्या माशाच्या अंगावर काही ना काही असतंच. हा गुन्हेगार आहे की नुसता तिथे हजर होता, हे ठरवायचं तर त्याने आत काय नासधूस केली ते पाहावं लागतं. त्यासाठी ऊतीचे काप करायचे. आम्ही त्याला सेक्शन म्हणतो.

"टिशू डालो," सर म्हणाले. "और पानी का ऑक्सीजन खुद जाकर देखो. तब तक रिपोर्ट नहीं."

एवढ्यात योजनेच्या साहेबांचा फोन आला. कुणीतरी त्यांना कळवलं होतं. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, मेश्राम मॅडम के बीज का क्या है? प्रोग्राम सिर पर है."

"परजीवी मिला है. जाँच चल रही है."

"परजीवी तो हर मछली में होता है, सर."

"हव, होता है," सर म्हणाले. "इसीलिए जाँच चल रही है."

साहेब वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं तेच होतं जे सरांनी मला दोन मिनिटांपूर्वी ऐकवलं होतं. फक्त त्यांना उत्तर लगेच हवं होतं आणि आमच्याकडे ते नव्हतं.

पिल्लांचे कल्ले, यकृत, मूत्रपिंड मी लगेच फॉर्मेलिनमध्ये टाकले. लगेच यासाठी की मासा मेला की कल्ला सगळ्यात आधी कुजतो. मग दिसणारी नासधूस रोगाची की मरणानंतरची, हे कळत नाही. जिवंत मासे मागवले होते ते याचसाठी. धापा टाकणारी पिल्लं घेतली आणि त्यातल्या त्यात चपळ पोहणारीही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावर गेले. उजाडल्यावर थोड्याच वेळाने, कारण तेव्हा पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मीटर पाण्यात सोडला. एका कोपऱ्यात, दुसऱ्या कोपऱ्यात, मधोमध. तिन्ही ठिकाणी ऑक्सिजन पुरेसा होता. आणि त्याच पाण्यात पिल्लं वर येऊन हवेसाठी तोंड उघडत होती.

शालूताईंनी मीटरचा आकडा पाहिला. "म्हणजे हवा आहे, पण यायले घेता नाही येऊन राहिली."

"असंच दिसतंय. काप पाहिल्याशिवाय मी नक्की म्हणणार नाही."

"नका म्हणू. मी थांबते."

थांबणं त्यांना सोपं नव्हतं. मी तिथे असतानाच एक व्यापारी गाडीवर पिल्लं न्यायच्या ऑक्सिजनच्या पिशव्या लादून आला. बांधावर उभा राहूनच म्हणाला, दीदी, जे चांगले पोहतात ते छाटून द्या, मी आत्ता नेतो. शालूताईंनी त्याला चहा दिला आणि रिकाम्या पिशव्यांसह परत पाठवलं. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "अजून रिपोर्ट नाही ना आला."

सेक्शनचं काम आमच्याकडे देवांगन करायचे. ऊतीतलं पाणी काढून तिथे मेण भरायचं. मेणाचा ठोकळा झाला की मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे काप काढायचे, केसापेक्षा कितीतरी पातळ. काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर येतात. फीत कोमट पाण्यावर तरंगवायची, खालून काचपट्टीने अलगद उचलायची आणि रंगवायची. पेशींची केंद्रं जांभळी होतात, बाकी गुलाबी. ऐकायला सोपं आहे. पाती जरा बोथट असली, मेण जरा गरम राहिलं, तर कल्ल्याची पानं चुरगळतात आणि सगळं वाया. देवांगनांच्या हातची फीत कधी तुटलेली मला आठवत नाही. त्या दिवसांत त्यांनी पंखा बंद ठेवून काम केलं. रायपूरच्या भादव्यातल्या उकाड्यात याला काय लागतं ते इथल्या माणसालाच कळेल.

स्लाईड्स आल्या. मी आधी निरोगी कल्ला लावला, तुलनेसाठी जपून ठेवलेला. दात्याच्या दोन्ही बाजूंना पानं, एकसारखी, सुटी, मधल्या फटी स्वच्छ. मग शालूताईंच्या कतल्याचा लावला.

पानं दिसलीच नाहीत. दात्याच्या आत मोठाले गोल सिस्ट, बीजाणूंनी गच्च भरलेले. त्यांनी आजूबाजूच्या पानांना ढकलून चेपून टाकलं होतं. जी पानं उरली होती त्यांच्यावरची पातळ कातडी जाड झाली होती. जाड होता होता शेजारच्या दोन पानांमधली फट बुजली होती आणि पुढे कितीतरी पानं एकमेकांत मिसळून एकच लगदा झाला होता. जागोजागी रक्तवाहिन्या फुगलेल्या, काही ठिकाणी फुटलेल्या. पाणी जाईल अशी फटच राहिली नव्हती. पाण्यात ऑक्सिजन असून मासे का गुदमरत होते, याचं उत्तर त्या गुलाबी-जांभळ्या कापात स्पष्ट होतं.

यकृत, मूत्रपिंड ठीक होती. विष वगैरेची कुठलीच खूण नव्हती.

मग चपळ पोहणाऱ्या पिल्लांचे कल्ले लावले. त्यांच्यातही सिस्ट होते. लहान, अजून पुरते न पिकलेले. बरीचशी पानं शाबूत होती, म्हणून पिल्लं पोहत होती. आणखी काही दिवसांचा प्रश्न होता.

मी सरांना बोलावलं. त्यांनी सगळ्या स्लाईड्स एकेक करून पाहिल्या.

"अब लिखो," ते म्हणाले.

शालूताई आणि पल्लवी रिपोर्ट घ्यायला आल्या. मी दोन्ही स्लाईड्स शेजारी-शेजारी ठेवून त्यांना दाखवल्या. निरोगी आणि आजारी. शालूताईंना फार समजवावं लागलं नाही.

"बुजून गेलं सारं," त्या म्हणाल्या.

"हो."

"साहेब म्हणून राहिले, चांगल्या पोहतात तेवढ्या निवडून द्या. चांगल्या दिसतात त्यायच्यात बी असन काय?"

मी तिसरी स्लाईड लावली, चपळ पोहणाऱ्या पिल्लाची. त्यांनी पाहिलं.

इथे एक सांगायला हवं. तो रिपोर्ट शालूताईंनी स्वतः मागवलेला होता, त्यांच्या नावावर. त्यात मी सल्ला लिहिला होता की या तळ्यातले मासे दुसरीकडे हलवू नयेत. पण सल्ला म्हणजे हुकूम नाही. त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. साहेब घ्यायला तयार होते, व्यापारी तर दारात येऊन गेला होता. बोटुकली पाहून कुणाला काही कळलं नसतं. पुढे कुणाच्या तलावात मासे मेले असते तर दोष पाण्याला गेला असता, खाद्याला गेला असता.

"मग नाही द्यायच्या," शालूताई म्हणाल्या.

पल्लवी म्हणाली, "मम्मी, एक बार सोच लो. पूरा सीज़न जाएगा."

"सोचूनच बोलून राहिली मी."

त्यांनी तिथूनच, माझ्या टेबलावरून, साहेबांना फोन लावला. हिंदीत, सरळ सांगितलं: माझ्या तळ्यात रोग आहे, मी माल देणार नाही, तुम्ही दुसरीकडून घ्या आणि घेताना कल्ले तपासून घ्या. पलीकडून साहेब बरंच काही बोलत होते. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "साहब, उन बाइयों के तालाब में एक बार ये चला गया तो मैं निकाल के नहीं ला सकती." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, इथे काम संपलं. मी कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला, पण उठल्या नाहीत.

"अजून एक आहे मॅडम. याच तळ्यातल्या मासोळ्या मी आधी देऊन बसली. मराले लागायच्या आधी. तीन जण घेऊन गेले."

मी हे विचारलं नव्हतं. सरांनीही नाही. त्या बोलल्या नसत्या तर आम्हाला कधीच कळलं नसतं. पल्लवी आईकडे पाहत होती. तिलाही आई हे इथे बोलेल असं वाटलं नसावं.

"त्यायच्याकडे जाते मी," शालूताई म्हणाल्या. "तुम्ही याल काय? माह्यावर भरवसा ठेवतील न ठेवतील. तुम्ही सांगितलं तं उपाय तरी करतील."

सरांना विचारलं. त्यांनी गाडी दिली.

पहिल्या दोघांकडचं पटकन झालं. त्यातल्या एकाने मासे टाकलेच नव्हते, हौदात ठेवले होते. ते सोडू नका म्हटल्यावर त्याने मानलं. दुसऱ्याने आवाज चढवला आणि मग आमच्या समोरच जाळं टाकायला माणूस बोलावला.

तिसरे पुनारद साहू. गावचा मोठा तलाव त्यांनी ठेक्याने घेतला होता आणि शालूताईंची बोटुकली त्यात केव्हाच सोडून झाली होती. आम्ही पोचलो तेव्हा ते बांधावर बसून जाळ्याच्या गाठी मारत होते. त्यांना वाटलं शालूताई आणखी माल घ्याल का विचारायला आल्या. खाट टाकली, पाणी दिलं.

शालूताई खाटेवर बसल्या नाहीत. उभ्यानेच सांगितलं. माझ्या तळ्यातून तुम्ही नेलं त्यात रोग होता. मला तेव्हा माहीत नव्हतं. आता कळलं, म्हणून आले. या मॅडम तपासतील. तुमचं जे नुकसान होईल त्याला मी जबाबदार.

साहूंनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मला वाटलं, आता भडका उडणार. ते म्हणाले, "कोनो बेचइया अइसन बताय बर नइ आवय, दीदी." कुठलाच विकणारा असं सांगायला येत नाही.

"मी बी पहिल्यांदाच आली," शालूताई म्हणाल्या.

साहूंनी स्वतः जाळं टाकून मासे काढून दिले. मी बांधावरच कल्ले उघडले. काहींत पांढरे ठिपके होते, पण थोडे. मोठ्या तलावात मासे विरळ होते, बीजाणू विरळ होते, म्हणून मार कमी बसला होता. प्रयोगशाळेत काप पाहिले तर बरीचशी पानं मोकळी होती. मी साहूंना सांगितलं, मासे मरणार नाहीत, निदान सगळे नाहीत. वाढू द्या, खायला विका. पण या तलावातलं एक पिल्लूही जिवंत दुसऱ्या तलावात जाऊ देऊ नका. जाळं इथलं इथेच वापरा. मासे काढून झाले की उन्हाळ्यात तलाव पूर्ण सुकवा. चिखलाला भेगा पडू द्या, चुना टाका. किडा मेला की परजीवीचं एक घर गेलं.

"हव," ते म्हणाले. एवढंच.

शालूताईंनी स्वतःचं आजारी तळं त्याच आठवड्यात रिकामं केलं. मी गेले होते. बोटुकली खायला फार लहान होती, आणि नाल्यात सोडली असती तर रोग पुढे गेला असता. तळ्याच्या कडेला खोल खड्डा केला होता. जाळ्यातून निघालेली पिल्लं चुन्याबरोबर त्यात पुरली. शालूताई सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे उभ्या होत्या. मजुराला म्हणाल्या, घाई नको, एकही राहायला नको. पल्लवीने बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ती चिखलात उतरून कोपऱ्यांतली पिल्लं हाताने गोळा करायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाकीच्या दोन तळ्यांत दुसऱ्या हॅचरीचं बीज होतं. मी ते तपासलं. एखाद-दुसरा सिस्ट, ऊती निरोगी. ते विकायला माझी हरकत नव्हती. हरकत शालूताईंनीच घेतली. "तिन्ही तळ्यांत एकच जाळं फिरलं मॅडम. थोडं थांबून पुन्हा पाहा." थांबून पुन्हा पाहिलं. कल्ले स्वच्छ होते. मग विकलं, उशिरा का होईना.

वाटपाचा कार्यक्रम दुसऱ्या कुणाच्या मालावर पार पडला. शालूताईंचं ते वर्ष गेलं. त्यांच्या नवऱ्याने बदलीच्या गावाहून फोनवर काय म्हटलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात त्यांचं तळं सुकून कडक झालं. वरचा चिखल खरवडून काढला, चुना टाकला. पुढच्या मोसमात जिरे आले ते त्यांनी आधी वेगळ्या हौदात ठेवले आणि तळ्यात सोडण्याआधी सॅम्पल घेऊन आल्या. नंतर विकण्याआधी पुन्हा आल्या. या वेळी पल्लवी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली आणि तिने स्वतः सांगितलं, "साफ है, मॅम." मी तपासलं. साफच होतं.

त्या वर्षी त्यांच्याकडून सगळ्यात आधी बोटुकली नेली ती पुनारद साहूंनी. आवाज चढवणारा दुसराही आला. योजनेच्या साहेबांनी त्या मोसमापासून वाटपाच्या प्रत्येक मालाचे कल्ले तपासून मागितले. आमचं काम दुप्पट झालं. देवांगन कुरकुरले आणि काप करत राहिले.

माझ्या नोकरीत मी बरेच परजीवी ओळखले. काही दुर्मीळही होते. एक चांगला मायक्रोस्कोप, धारदार पातं आणि थोडा धीर असला की ते जमतं. पण रोग तळ्यातून निघून कुठे कुठे गेला, हे कुठल्याच स्लाईडवर दिसत नाही. ते ज्याने माल विकला त्यालाच ठाऊक असतं. म्हणून नंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक जास्तीचा प्रश्न विचारू लागले: यातले आधी कुणाला दिलेत का? बहुतेक जण नाही म्हणत. काही जण थोडं थांबून हो म्हणत.